पाणी सांडल्यावर काय होतं ते बघा : मुंबईत माँटेसरी शाळा निवडताना

आमच्या लेकीच्या पहिल्या शाळेच्या पाटीवर ‘माँटेसरी’ हा शब्द फूटभर उंच अक्षरांत होता. आत गुलाबी ठोकळ्यांचा मनोराही होता, म्हणजे या पद्धतीत मुलांनी हाताळायचं साहित्य, पण काचेच्या कपाटात, आणि कपाटाला कुलूप. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. महाग वस्तू आहे, जपून ठेवली असेल, असंच वाटलं. चार महिन्यांनी लेक ‘स्टँडिंग लाईन, स्लीपिंग लाईन’ची वही घरी आणायला लागली, रोज दोन पानं. सकाळी बूट घालताना रडायला लागली. मग मी नीट चौकशी केली. तो मनोरा चार महिन्यांत एकदाही कपाटाबाहेर आला नव्हता.

आम्ही शाळा बदलली. दुसरी शाळा शोधताना जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांचं पहिलंच मूल आहे, ज्यांच्या घरात सांगणारं कुणी नाही, किंवा जे मुंबईत नव्याने आले आहेत, त्यांना याचा उपयोग व्हावा.

आधी पाटीवरच्या शब्दाविषयी

‘माँटेसरी’ हे नाव लावायला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्याकडे तर जुन्या पिढीत ‘पोरगं माँटेसरीत जातं’ म्हणजे बालवाडीत जातं, एवढाच अर्थ. त्यामुळे पाटी वाचून काहीच ठरत नाही.

मूळ गोष्ट अशी : मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टरांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब कामगार वस्तीत ‘मुलांचं घर’ उघडलं. मुलांना योग्य वस्तू हाताळायला दिल्या आणि मोठ्यांनी मध्ये लुडबुड केली नाही, तर तीन-चार वर्षांचं मूलही एका कामात खूप वेळ रमतं, हे त्यांनी तिथे पाहिलं. १९३९ मध्ये त्या मद्रासला आल्या, महायुद्धामुळे इथेच अडकल्या आणि १९४६ पर्यंत भारतात राहून शिक्षकांना शिकवत होत्या.

पण मराठी घरांत ही पद्धत त्याआधीच पोचली होती. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक मूळच्या मुंबईच्या. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार ही बालशाळा सुरू झाली. पुढे १९४५ मध्ये त्या बोर्डी या गावी गेल्या. तिथे गोरगरिबांच्या मुलांसाठी महागडं लाकडी साहित्य आणणं शक्यच नव्हतं. मग ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पानं, खडे अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंमधून साहित्य उभं केलं. माझ्यासाठी ही फार मोठी खूण ठरली. बोर्डीला शिंपल्यांवर जे साधलं, ते कुलपात ठेवलेल्या लाकडी मनोऱ्याने साधत नाही. साहित्य कुठून आलं यापेक्षा ते मुलांच्या हातात येतं का, आणि आल्यावर मोठी माणसं काय करतात, हे बघायचं.

नकाशावर एक गोल काढा

घराभोवती पायी पंधरा-वीस मिनिटांचा गोल काढा आणि शोध आधी त्याच्या आत घ्या. तीन वर्षांच्या मुलाला तीन तासांच्या शाळेसाठी पाऊण तास व्हॅनमध्ये बसवायचं, तेही सकाळच्या ट्रॅफिकमध्ये, हे मला पटत नाही, शाळा कितीही नावाजलेली असली तरी. ऑफिसजवळची शाळाही टाळा. मूल तापलं तर न्यायला येणारं माणूस घराजवळ असतं, बहुतेक वेळा आजी किंवा शेजारच्या काकू. मूल शाळेनंतर आजीकडेच राहणार असेल तर गोल आजीच्या घराभोवती काढा.

हाच रस्ता जुलैत कसा असतो ते तिथल्या दुकानदाराला विचारा. गल्लीत पाणी भरतं का? शाळा तळमजल्यावर असेल तर आत शिरतं का? मुंबईत हे प्रश्न कुणाला अवाजवी वाटणार नाहीत. २६ जुलै २००५ च्या पुरात किती घरांतली मुलं शाळेतच अडकली होती, हे त्या दिवशी इथे असलेल्या कुणालाही विचारा. ‘आईबाबा पोचू शकले नाहीत तर मुलांजवळ कोण थांबतं, खायला काय असतं?’ याचं उत्तर शाळेकडे तयार हवं. आमच्या दुसऱ्या शाळेने कपाट उघडून बिस्किटं, दुधाची पावडर आणि चादरी दाखवल्या. ती शाळा मला तिथेच निम्मी पटली.

कधी सुरुवात करायची

शाळा जूनमध्ये सुरू होतात, पण जागा त्याच्या कितीतरी आधी भरायला लागतात. म्हणून आदल्या दिवाळीनंतर लगेच फिरायला लागा. वयाचा हिशेब आधी करा : आपल्याकडे नर्सरीला ३ वर्षं आणि पहिलीला ६ वर्षं, आणि वय मोजायची तारीख ३१ डिसेंबर. माँटेसरी वर्गात साधारण अडीच-तीन वर्षांपासून घेतात. दीड वर्षाच्या मुलासाठी ‘सीट जाईल’ म्हणून कुणी घाई करत असेल तर तुम्ही करू नका.

फोनवर तीनच प्रश्न

प्रत्यक्ष जायच्या आधी फोन करा. मी अकरा शाळांना केला आणि तीनच बघायला गेले, कारण या प्रश्नांवर बाकीच्या गळल्या.

एक, दिवसाचं वेळापत्रक काय? ‘नऊ ते साडेनऊ प्रार्थना, मग इंग्लिश, मग मॅथ्स, मग रायटिंग’ असं अर्ध्या-अर्ध्या तासाचं वेळापत्रक ऐकलंत, तर तिथे माँटेसरी नाही. या पद्धतीत कामाचा सलग वेळ लागतो, मूळ अपेक्षा तीन तासांची आहे. मुंबईत जागेअभावी दोन-दोन पाळ्या चालतात, तेव्हा तीन तास सगळ्यांना जमत नाहीत हे मान्य. पण निदान दीड-दोन तास तरी घंटा वाजता कामा नये.

दोन, वर्गात कोणत्या वयाची मुलं एकत्र बसतात? तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात हवीत. छोटा शिशु वेगळा आणि मोठा शिशु वेगळा असेल, तर लहानांना मोठ्यांकडून शिकायला मिळत नाही आणि मोठ्यांना सांभाळून घ्यायला कुणी उरत नाही. आणि एक गोष्ट उलटी वाटेल, पण सांगते : पंचवीस-तीस मुलांचा मिश्र वर्ग, एक शिकलेल्या ताई आणि एक मदतनीस, ही वाईट खूण नाही. मुलं एकमेकांकडून शिकावीत म्हणून तो मुद्दामच मोठा ठेवतात.

तीन, मी कामाच्या दिवशी वर्गात एक तास नुसती बसून बघू शकते का? ओपन हाऊसच्या शनिवारी नाही, साध्या मंगळवारी. ‘मुलांचं लक्ष विचलित होतं, म्हणून एकाच पालकाला आणि अमुक वेळेला’ असं सांगितलं तर ते रास्त आहे. ‘आमच्या पॉलिसीत बसत नाही, सीसीटीव्हीवर दाखवतो’ म्हणाले, तर पुढच्या शाळेला फोन लावा.

तो एक तास

बाकी सगळं जमलं नाही तरी चालेल, पण हा तास सोडू नका. सुट्टी काढावी लागली तर काढा.

भिंतीजवळ बसा, फोन पर्समध्ये ठेवा, मुलांशी आपणहून बोलू नका. एखादं येऊन ‘तू कुणाची आई?’ विचारेल, तेवढ्याला उत्तर द्या. पहिली दहा मिनिटं फक्त हात बघा. किती मुलांच्या हातात काहीतरी आहे आणि ते त्यांनी स्वतः उचललं का? कपाटं उघडी आणि मुलांच्या खांद्याच्या उंचीची हवीत. मूल येतं, ट्रे उचलतं, चटई अंथरतं, काम करतं, ट्रे जागेवर ठेवतं, चटई गुंडाळतं. दुसरी मुलं त्या चटईला वळसा घालून जातात. हे आपोआप होताना दिसलं, तर त्यामागे ताईंची कित्येक महिन्यांची मेहनत आहे.

मग ट्रेमध्ये काय आहे ते बघा. वस्तू खऱ्या हव्यात : छोटा काचेचा जग, स्टीलची वाटी, राजमा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचा चमचा, बटणं लावायची चौकट, भांडं घासायला खरा ब्रश. प्लास्टिकचं खोटं किचन बघून आपण हरखतो, पण मुलाला खोटा चहा करण्यापेक्षा खरं लिंबू पिळायला जास्त आवडतं. काच फुटते हो, क्वचित. म्हणूनच मूल ती दोन्ही हातांनी धरायला शिकतं.

आता माझा मुख्य मुद्दा. कुठेतरी पाणी सांडेपर्यंत थांबा. तासाभरात सांडतंच.

मी बसले होते त्या वर्गात साधारण साडेतीन वर्षांची एक मुलगी जगातून दोन पेल्यांत पाणी ओतत होती. एक पेला भरून वाहिला, ट्रे भरला, पाणी जमिनीवर आलं. ताई तीन पावलांवर होत्या. त्यांनी पाहिलं आणि त्या हलल्या नाहीत. मुलगी थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली, मग कोपऱ्यातल्या खुंटीवरचं फडकं घेऊन आली आणि पुसायला लागली. तिला चार मिनिटं लागली. निम्मं पाणी तिने नुसतं इकडचं तिकडे केलं. तिचं झाल्यावर ताई शेजारी उकिडव्या बसल्या आणि बादलीवर फडकं कसं पिळायचं ते न बोलता, हळू हळू दाखवलं. मुलीने पिळलं, परत पुसलं, आणि पुन्हा जग भरायला गेली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते. आमच्या घरी सांडलं की मी ‘अगं, काय हे!’ म्हणत धावायचे आणि पुसून टाकायचे. पहिल्या शाळेत मावशी धावायच्या. दोन्हीकडे लेक एकच गोष्ट शिकत होती, की आपल्याला जमत नाही. त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरातही खालच्या खुंटीवर एक फडकं आहे.

तर तुम्ही बघाल तेव्हा ताई धावतात का, ओरडतात का, ट्रे उचलून वर ठेवतात का, की मुलाला पुसू देतात, हे टिपा. ताई सांगतील त्याहून खरं उत्तर तुम्हाला इथे मिळेल.

साहित्याबद्दल थोडं माहीत असलं की बघायला मजा येते. लाकडी ठोकळ्यात दट्टे बसवायचे असतात : असे चार ठोकळे, प्रत्येकात दहा दट्टे, प्रत्येकाचं भोक ठरलेलं. एक चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक दट्टा उरतो, तो कुठेच बसत नाही. चूक झाली हे दट्टाच सांगतो, ताईंनी सांगायची गरज नाही. गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे, सर्वांत लहान १ सेंटीमीटरचा आणि मोठा १० सेंटीमीटरचा. सगळे एकाच रंगाचे, म्हणजे मुलाचं लक्ष फक्त लहान-मोठ्यावर राहतं. मुलाचा हात धरून ‘नाही, आधी हा’ असं कुणी सतत करत असेल, तर साहित्य आलं आहे पण ते वापरायचं शिक्षण आलेलं नाही. प्रत्येक साहित्याचा एकच संच ठेवतात. दुसऱ्याला हवा असेल तर थांबावं लागतं. थांबणाऱ्या मुलाकडे बघा आणि त्याच्याशी ताई काय बोलतात ते ऐका.

आवाजही ऐका. चिडीचूप वर्ग मला भीतिदायक वाटतो, गोंधळ तर नकोच. कामाची कुजबुज हवी. ताई मुलाला खोलीच्या या टोकावरून हाक मारतात, की जवळ जाऊन, खाली बसून बोलतात? हातावर स्टार काढतात का? या पद्धतीत बक्षीस नसतं, शिक्षाही नसते. शाबासकीसाठी ताईंकडे धावणारी मुलं जास्त दिसली तर मनात नोंद करा.

ताईंशी बोलताना

मुख्याध्यापिकांशी नाही, वर्गावरच्या ताईंशी बोला. प्रशिक्षण कुठे घेतलं, किती महिन्यांचं, प्रत्यक्ष वर्गात किती काळ काम करून, हे सरळ विचारा. डॉ. माँटेसरींनीच १९२९ मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, म्हणजे एएमआयची पदविका कसून घेतली जाते. दुसऱ्याही चांगल्या संस्था आहेत. पण दोन शनिवार-रविवारच्या ऑनलाइन कोर्सवर हे काम येत नाही. ताई या शाळेत किती वर्षं आहेत हेही विचारा. दरवर्षी ताई बदलत असतील, तर तीन वर्षं एका वर्गात राहण्याला अर्थ उरत नाही.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला वर्गात मराठी कळणारं निदान एक माणूस हवंच. ‘मला शी लागलीये’ हे ज्या भाषेत येतं, ती भाषा समोरच्याला कळली पाहिजे. आमची लेक पहिल्या शाळेत हे इंग्रजीत सांगता येईना म्हणून धरून ठेवायची, आणि आम्ही डॉक्टरांकडे फेऱ्या मारत होतो. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच शिकवण्याचं माध्यम असावं असं म्हणतं.

शिवाय मराठी अक्षरांना ही पद्धत छान बसते. सँडपेपरच्या अक्षरावरून मूल दोन बोटं फिरवतं आणि उच्चार करतं. मराठीत अक्षराचं नाव आणि उच्चार एकच, म्हणून क, म, ळ बोटाखालून गेले की ‘कमळ’ तयार. काना-मात्रा आणि जोडाक्षरं मागाहून. इंग्रजी माध्यमाची शाळा घेत असाल, तर आधी अक्षराचं नाव शिकवतात की ध्वनी, हे विचारा. ध्वनी आधी हवा. आणि अडीच वर्षांच्या मुलाला खुर्चीत बसवून ‘व्हॉट इज युवर नेम’ विचारत त्याची मुलाखत घेणारी शाळा असेल, तर तिथून उठा.

बाथरूम, जिना, गेट

मुलांचं बाथरूम स्वतः बघा : लहान भांडं, बेसिनपर्यंत हात पोचतो का, कडी आतून लागते का, सोबत कोण जातं. मदतीला बाईच हवी आणि सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झालेली हवी. याविषयी विचारताना संकोच करू नका, चांगल्या शाळा स्वतःहून सांगतात. सोसायटीच्या फ्लॅटमध्ये शाळा असेल, तर बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, आग विझवायचं सिलिंडर मुदतीतलं आहे का, ते पाहा. मूल घ्यायला अनोळखी माणूस आलं तर काय करतात, तेही.

पैसे

सगळे आकडे लेखी घ्या : प्रवेश शुल्क, अनामत, सत्राची फी, साहित्य, गणवेश, स्नेहसंमेलन, व्हॅन. मध्येच शाळा सोडली तर परत काय मिळतं? पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. आणि फी डोईजड होत असेल, तर कर्ज काढून माँटेसरी करू नका, हे मनापासून सांगते. जवळच्या साध्या बालवाडीत शांत, मायाळू ताई असतील, मुलांना हाताने काम करू देत असतील, तर तीच निवडा. राजमा, चिमटा, वाट्या, फडकं घरी आहेतच.

इथून पुढे कुठे?

मुंबईत हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि पालक तो सगळ्यात शेवटी विचारतात. अनेक मोठ्या शाळांच्या जागा नर्सरी किंवा ज्युनिअर केजीलाच भरतात. पहिलीला मोजक्याच उरतात. त्या भीतीने पालक मुलाला चार वर्षांचं झालं की माँटेसरीतून काढतात. पण तिसरं वर्ष हेच पीक काढायचं वर्ष असतं. दोन वर्षं हातांनी केलेलं त्या वर्षी वाचनात, लिहिण्यात, बेरजांत उतरतं, आणि आपलं मूल वर्गातलं मोठं होऊन लहानांना चटई गुंडाळायला शिकवतं.

म्हणून क्रम उलटा करा. आधी पहिलीची शाळा ठरवा, तिथे फोन करून ‘पहिलीला बाहेरच्या मुलांना किती जागा असतात?’ विचारा, आणि मग माँटेसरी निवडा. मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीला प्रवेश सहसा सहज मिळतो. महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात, त्यातली तुमच्या जवळची एकदा आत जाऊन बघा. हव्या त्या शाळेत पहिलीला जागाच नसेल, तर माँटेसरीत दोनच वर्षं मिळणार हे आधीच मान्य करा, म्हणजे मध्येच ओढाताण होत नाही. आमच्याकडे नवरा आणि मी यावर दोन महिने भांडलो. शेवटी मराठी माध्यम ठरलं आणि लेकीला तिसरं वर्ष मिळालं.

जूनमधले पहिले दिवस

शाळा पहिल्या आठवड्यात मुलाला थोडाच वेळ ठेवते का, आणि तुम्हाला बाहेर बाकावर बसू देते का, ते आधी विचारून ठेवा. निघताना लपून निघू नका. ‘आई जाते आहे, डबा झाला की येते’ म्हणा, टाटा करा आणि सांगितलेल्या वेळेला दारात उभ्या राहा. पाऊस असेल तर त्या दिवशी वीस मिनिटं आधी निघा.

तयारी मे महिन्यातच घरी सुरू करता येते. हाताला येईल अशी खुंटी लावा, छोट्या तांब्यातून पाणी घेऊ द्या, डबा स्वतः उघडू द्या. तो उघडत नसेल तर डबा बदला. नाडीची चड्डी नको, इलॅस्टिकची घ्या. लेसचे बूट नकोत, पट्टीचे घ्या. पिशवीत जास्तीचे दोन जोड कपडे ठेवा, प्रत्येकावर मार्करने नाव. पावसात ओले झालेले कपडे वर्गात कुठे वाळत घालतात ते विचारून घ्या, आणि ओल्यासाठी एक वेगळी पिशवी द्या. पहिले काही दिवस डबा अर्धा परत येईल. त्यावरून ताईंना रोज दारात थांबवू नका, शुक्रवारी एकदा विचारा.